कात्रीताई आणि पंधरा टक्के घोडे

समोर असली की ताई, पाठ वळली की कात्री. पुढे पुढे दोन्ही नावं एकत्र झाली आणि लोक तिला तोंडावरच कात्रीताई म्हणू लागले. तिला त्याचं काही वाटत नसे. "बोथट असते तर नाव पडलं असतं का?" असं ती उलट विचारायची.

नाव पडायचं कारण साधं होतं. ती गाड्यांची ताकद मोजायची. तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं, गॅरेज होतं आणि त्या गॅरेजच्या मागच्या खोलीत जमिनीत दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची चाकं त्यांच्यावर चढवायची, गाडी पुढून-मागून पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. रोलरला ब्रेक असायचा. गाडी त्या ब्रेकला किती जोराने ढकलते, त्यावरून चाकांपाशी किती हॉर्सपॉवर पोचते ते कळायचं. मशिनचं खरं नाव डायनामोमीटर, पण एवढं लांबलचक नाव कोण घेतो! गॅरेजात त्याला डायनो म्हणत आणि हॉर्सपॉवरला घोडे. मालक खोलीत शिरताना त्याच्या तोंडात दोनशे घोडे असायचे आणि बाहेर पडताना हातातल्या कागदावर एकशेसाठ. मधले चाळीस कुठे गेले? कात्रीने कापले.

खरं तर ते चाळीस गाडीत कधी नव्हतेच. पण हे गाडीच्या मालकाला सांगून बघा! माणूस एक वेळ स्वतःच्या पोराला मठ्ठ म्हटलेलं ऐकून घेईल, गाडीला नाही.

तिची खोली बघण्यासारखी होती. एक खिडकी, गाडीच्या तोंडाशी माणसाएवढा पंखा, धूर बाहेर काढणारा जाड नळ आणि टेबलावर एक म्हातारा कॉम्प्युटर. तापमापक भिंतीवर छातीच्या उंचीला, दारापासून आणि इंजिनापासून लांब टांगलेला. कारण हवा तापली की इंजिन मरगळतं, मग कॉम्प्युटर त्याची कीव करून थोडे घोडे वर टाकतो. ही कीव बरोबर मापाची व्हायची असेल तर तापमापकाने खोलीची हवा मोजली पाहिजे, इंजिनाची वाफ नाही. टायरमधली हवा ती स्वतः तपासायची. प्रत्येक गाडी तीनदा पळवायची आणि तिन्ही आकडे कागदावर छापायची, सगळ्यात वाईट आकड्यासकट. "तो तेवढा गाळा ना," असं कोणी म्हणालं की म्हणायची, "का? तो काय शेजाऱ्याच्या गाडीचा आहे?"

हा स्वभाव आजचा नव्हता. आधी चौदा वर्षं ती ट्रकच्या वजनकाट्यावर होती. भरलेला ट्रक काट्यावर उभा राहायचा, ही खिडकीतून वजन बघून पावती फाडायची. ड्रायव्हर गोड बोलायचे, रडायचे, दमात घ्यायचे. हिची पावती काही बदलायची नाही. शेवटी खुद्द मालकानेच एक ट्रक दोन टन हलका दाखवायला सांगितला आणि हिने खरं वजन लिहिलं. दुसऱ्या दिवशी गेली तर तिच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसलेला. तिने खुर्चीच्या पाठीवरचं आपलं स्वेटर काढून घेतलं आणि त्या माणसाला जाताना सांगितलं, "डावीकडचं बटण अडकतं. जरा दाबून धरा."

लग्नाचंही तसंच. नवऱ्याने ठरवताना वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, पगार दीडपट आणि उंची चक्क चार बोटं जास्त. पगार आणि वय कागदावर कळलं. उंची हिने एकदा त्याला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलने मोजली. तो जो रागावला तो रागावलाच. दीड वर्षात ती माहेरी परत आली आणि गॅरेजच्या वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनीच्या शेजारच्या खोलीत राहू लागली. तिच्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की पोरीने उंची तेवढी मोजायला नको होती.

एक तपासणी केंद्र बंद पडलं तेव्हा दादाने तिथला डायनो उचलून आणला आणि वर्षभर ताडपत्रीखाली झाकून ठेवला, कारण तो चालवायचा कसा ते कोणालाच कळेना. वजनकाटा सुटला तशी कात्रीताईने ताडपत्री काढली आणि मशिनसोबत आलेलं जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं. तीन महिन्यांत तिने ते मशीन बोलतं केलं. याला आता नऊ वर्षं झाली होती.

दर सोमवारी सकाळी ती मशिनला खरं बोलायची आठवण करून द्यायची. रोलरच्या ब्रेकला एक लांब लोखंडी दांडी जोडायची, कॉम्प्युटरवर शून्य करायचं आणि मग दांडीच्या टोकाला वीस-वीस किलोची तीन वजनं टांगायची. कॉम्प्युटरला सांगायचं, हे बघ, हे साठ. त्यानंतर आपली घरची जुनी गाडी चढवायची. ती गाडी नऊ वर्षांत तिने एका ठरावीक मापाने जपलेली. तेल, प्लग, टायर, सगळं वेळच्या वेळी. तिचे एकाहत्तर घोडे आले की आठवडा सुरू. एखाद्या सोमवारी सत्तर आले तर ती बाहेर रांग लावलेल्या गिऱ्हाइकांना सांगायची, "थांबा. एक घोडा हरवलाय." आणि तो सापडेपर्यंत कोणाची गाडी चढत नसे.

तिचं असं सुरळीत चाललेलं असताना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नवं गॅरेज उघडलं. काचेच्या भिंती, बसायला सोफे, भिंतीएवढा पडदा, आणि जमीन इतकी पुसलेली की चपला काढाव्या की काय असं वाटावं. लोकांनी त्याच्या मालकाचं नावच चकाचक ठेवलं. माणूस हसतमुख, गोड आणि केसांना तेल लावल्यासारखा गुळगुळीत बोलणारा. त्याच्याकडेही डायनो होता, आणि तो डायनो दिलदार होता. हिच्याकडे एकशेतीसवर मुकाट बसलेली गाडी तिथे एकशेसाठचा आकडा घेऊन नाचत बाहेर यायची.

मग काय व्हायचं ते झालं. मागच्या खोलीपुढची रांग आटली.

एक दिवस दातांचे डॉक्टर आले. त्यांची निळी गाडी होती आणि तिच्यावर त्यांचा एवढा जीव होता, की पेशंटचं तोंड उघडं ठेवून ते खिडकीतून तिच्याकडे बघत असत म्हणे. त्यांनी टेबलावर दोन कागद आपटले. "हा तुमचा. एकशे अठ्ठावन्न. हा त्याचा. एकशे पंच्याण्णव. तीच गाडी, तेच पेट्रोल, तीन दिवसांचं अंतर. ताई, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

"मी नाही," कात्रीताई म्हणाली.

"तोही हेच म्हणाला."

डॉक्टर गाडीवाल्यांच्या मंडळाचे चिटणीस होते. मंडळाच्या एकतीस गाड्या होत्या, आणि घोड्यांप्रमाणे गट पाडून ते शर्यती लावत. यापुढे सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी मोजायच्या असं मंडळाने ठरवलं होतं. ठिकाण कोणतं, ते पुढच्या रविवारी दोन्हीकडे जाऊन, बघून, हात वर करून ठरणार होतं.

हे दादाच्या कानावर गेलं आणि दादा तडक मागच्या खोलीत आला. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, हाताने सोनं, तोंडाने फटाका. इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगणारा कारागीर. पण गिऱ्हाईक आटलं की त्याची पाचावर धारण बसायची.

"कॉम्प्युटरमध्ये एक चौकोन आहे ना, वाढीचा?" तो म्हणाला. "तिथे पंधरा टक्के टाक."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय? इंजिनात निघालेली ताकद चाकापर्यंत येता येता गळते. आपण चाकापाशी मोजतो, तो इंजिनापाशी दाखवतो. तेवढंच आपण दाखवायचं. यात खोटं काय आहे?"

"काही नाही. पण मग कागदावर लिहू, की हा इंजिनाचा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. कोणाची गळती दहा असते, कोणाची वीस. सगळ्यांना पंधराचा सदरा कसा बसेल?"

"अंदाज लिहिलं की कोण येणार आहे मोजायला?"

"मग नको लिहू. आणि नको टाकू."

दादाने डोक्यावर हात मारला. "हे बघ, मी मशिनला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. मंडळ इथे आलं तर मशीन राहील. मंडळ तिकडे गेलं, तर सोमवारी त्या चौकोनात पंधरा तरी जातील, नाहीतर मशीन तरी जाईल. तू काउंटरवर वहिनीशेजारी बस आणि पावत्या फाड. मला रोज उठून लोकांची नाकं कापायची नाहीत."

वहिनीशेजारी बसायला तिची हरकत नव्हती. वहिनी गोड होती. पण पावत्या तिने चौदा वर्षं फाडल्या होत्या आणि त्याचा शेवट कसा झाला ते तिला माहीत होतं. ही खोली गेली तर आपल्याकडे आपलं म्हणून काय उरेल, असं तिच्या मनात आलं. ते तिने दादाला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने घरची जुनी गाडी काढली आणि सरळ चकाचककडे नेली. लपूनछपून नाही, चारचौघांत. "मोजायचीय," म्हणाली. चकाचकला आधी हसू आलं, मग त्याने मोठ्या अगत्याने गाडी चढवली. पडद्यावर आकडा आला, सत्त्याऐंशी.

एकाहत्तरचे सत्त्याऐंशी! कात्रीताई गाडीभोवती एक चक्कर मारून आली. त्यांचा तापमापक एका वायरच्या टोकाला होता आणि ती वायर गाडीच्या रेडिएटरमागे, जिथून गरम वाफारा निघतो तिथे, चिमट्याने अडकवलेली होती. खोलीत बसलेल्या माणसाला पंख्याखाली गारठा वाटत होता आणि कॉम्प्युटरला वाटत होतं, की आपण भट्टीत बसलोय. बिचारा कीव करकरून घोडे वाढवत होता.

"ही वायर खिडकीपाशी ठेवा," ती म्हणाली, "आणि पुन्हा पळवा."

"ताई," चकाचक आवाज खाली आणून म्हणाला, "माणूस आरशासमोर पोट आत घेऊन उभा राहतो. आपण कशाला त्याच्या पोटाला बोट लावायचं?"

"मी आरसा नाही," कात्रीताई म्हणाली. "मी काटा आहे. रविवारी मी सगळ्यांदेखत वजनं टांगणार आहे. तुम्ही काय टांगणार?"

चकाचकने हसत तिची गाडी खाली घेतली. त्याच्या मशिनला ब्रेक नव्हता, नुसतं जड पिंप गरगरायचं. त्याला टांगायला दांडीच नव्हती.

रविवारी मंडळ आधी चकाचककडे गेलं आणि तिथून खुशीत इकडे आलं. गॅरेजच्या अंगणात गाड्याच गाड्या. चकाचकही मजा बघायला आला होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा, वहिनी काउंटर सोडून पदराने कपाळ पुसत मागे. कात्रीताईने दांडी जोडली, शून्य केलं आणि एकेक वजन सगळ्यांना हातात देऊन बघायला लावलं. त्यावर ठोकलेला वीसचा शिक्का दाखवला. मग तिन्ही वजनं साखळीच्या लोखंडी आकड्याला लावून दांडीला टांगली. "साठ किलो," ती म्हणाली. "कॉम्प्युटर काय म्हणतो? साठ. आता हा खोटं बोलेल कसा?"

माना डोलल्या. डॉक्टरांनी तर टाळी वाजवली. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला.

"अगं, टोपली वजा केली का?"

"कसली टोपली?"

"ती साखळी नि आकडा गं. भंगारवाला पितळ घेतो तेव्हा आधी टोपली वजा करतो. तू शून्य केलंस तेव्हा साखळी खालीच होती ना? मग ती कुठे धरली?"

वहिनीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला खरंच प्रश्न पडला होता. पण डोलणाऱ्या माना थांबल्या.

कात्रीताईने साखळीकडे बघितलं. पहिल्या वर्षी ती वजनं नायलॉनच्या दोरीने टांगायची. दोरीचं वजन ते काय, फुलाएवढं. ते धरायचं कारणच नव्हतं. मग एकदा दोरी तुटून वजन तिच्या पायाच्या बोटापासून वीतभर अंतरावर पडलं, तेव्हा दादाने धावपळ करून तिच्यासाठी ही साखळी जोडून आणि आकडा वेल्डिंग करून दिला होता. चांगला भक्कम. आणि तिने दोरीच्या सवयीनेच शून्य करणं चालू ठेवलं. आठ वर्षं. दर सोमवारी. चौदा वर्षं काट्यावर बसलेल्या बाईने!

"वहिनी," ती म्हणाली, "काउंटरवरचा काटा आण."

साखळी आणि आकडा मिळून एक किलो नऊशे ग्रॅम भरले. म्हणजे टांगलेले जवळजवळ बासष्ट असायचे आणि ती मशिनला सांगायची साठ. मशीन बिचारं ऐकायचं आणि प्रत्येक गाडीचे शंभरामागे तीन घोडे खाऊन टाकायचं.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "आपलेच दात, आपलेच ओठ," तो वहिनीकडे बघून पुटपुटला. चकाचकने मात्र मोठ्याने टाळ्या वाजवल्या. "वा! म्हणजे खोटं बोलणारं मशीन हेच!"

कात्रीताईचे कान तापले. लाज वाटली, अगदी रडू येईल एवढी वाटली. पण तिने मान खाली घातली नाही. तिने खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: 'या मशिनने आठ वर्षं दर शंभरामागे तीन घोडे कमी दाखवले. चूक माझी.' मग ती चकाचककडे वळली.

"माझी चूक एक किलो नऊशे ग्रॅमची आहे. ही बघा, काट्यावर ठेवलीय. कोणीही उचलून बघा. आता तुमची किती किलोची आहे ती आणा. आहे काट्यावर ठेवण्याजोगी?"

चकाचक घड्याळ बघू लागला.

तिने साखळी टांगून पुन्हा शून्य केलं, पुन्हा वजनं लावली आणि डॉक्टरांची निळी गाडी चढवली. एकशे अठ्ठावन्नचे एकशे त्रेसष्ट झाले. डॉक्टरांचा चेहरा खुलला खरा, पण एकशे पंच्याण्णव पाहिलेल्या डोळ्यांना एकशे त्रेसष्ट ते काय भरणार! दादा तिच्या कानाशी आला. "आता हात घातलाच आहेस तर तेवढे पंधराही टाकून दे. याच गडबडीत खपून जातील. कोणाला कळणार नाही."

"तीन माझ्या चुकीचे होते, ते दिले," ती म्हणाली, आणि कानात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पंधरा कोणाच्या चुकीचे आहेत ते सांग. तेही देते."

मंडळातला कोणीतरी हसून ओरडला, "दादा, तुमची स्वतःची गाडी कधी चढवलीत का हो इथे? एकशेवीस, एकशेवीस म्हणता ती?"

दादा शर्टाची बाही सारखी करू लागला. खरी गोष्ट अशी, की नऊ वर्षांत दादाची लाल गाडी त्या रोलरवर एकदाही चढली नव्हती. तिचं इंजिन त्याने स्वतःच्या हाताने, दोन वर्षं खपून, नटबोल्ट निवडून बांधलं होतं. रोज कोणाला ना कोणाला तो एकशेवीस घोडे सांगायचा आणि गाडी मात्र पुढच्या अंगणातच ठेवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हात वर झाले. चकाचकच्या बाजूने बावीस, कात्रीताईच्या बाजूने नऊ. डॉक्टरांचा हात त्या नऊ जणांत होता, पण तो कोपरापर्यंतच वर गेला. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तो मोठा आकडा मनात ठेवला आणि तुमचा कागदावर, तर चालेल का?" ती म्हणाली, "मनात काय हवं ते ठेवा. मनावर माझा डायनो नाही."

अंगण रिकामं झालं. दादा तिच्याकडे न बघता वर निघून गेला. तिने काय करावं? घरातून जुना पत्रा आणला, तोच मजकूर त्यावर खडूने लिहिला आणि खाली भर घातली: 'जुना कागद घेऊन या, नवा करून देते.' आणि तो पत्रा गॅरेजच्या दर्शनी दारात उभा केला. दादाने येऊन फडक्याने पुसला. तिने पुन्हा लिहिला. दादाने पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा तिने ऑइलपेंटचा डबा उघडला.

"अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहेस," वहिनी काकुळतीने म्हणाली. "माझीच जीभ झडो."

"तुझी जीभ नसती तर मी आणखी आठ वर्षं चुकीचं मोजलं असतं. तू तो ब्रश दे इकडे."

सोमवारी सकाळी दादा मागच्या खोलीत आला तेव्हा तिची वजनं टांगून झाली होती. घरच्या गाडीचे त्र्याहत्तर घोडे आले होते आणि ते तिने वहीत तारखेसह लिहिले होते. दादा सरळ कॉम्प्युटरसमोर बसला. मशीन नेणारा माणूस अकराला येणार होता.

"शेवटचं विचारतो. तू टाकतेस का मी टाकू?"

"तू टाक. तुझं मशीन आहे," ती म्हणाली. "पण पंधरा टाकलेला एकही कागद माझ्या हाताने निघणार नाही. तू टाकायचे, तू पळवायची, तू छापायचा. आणि पहिली गाडी तुझी चढव. जो माल विकायचा तो आधी घरी चाखून बघावा."

"माझी कशाला?"

"का? तिला पंधरा नकोत?"

दादा चिडून उठला, आणि चिडलेला माणूस जे एरवी कधी करणार नाही ते करतो. त्याने लाल गाडी आत आणली. तिने मुकाट्याने पट्ट्या आवळल्या, टायरची हवा बघितली, पंखा लावला. "आधी माझ्या मापाने," ती म्हणाली, "मग तुझ्या." दादा स्टिअरिंगवर बसला. त्याने दोनदा आरसा सरळ केला. तिने ते बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

गाडी तीनदा पळाली. एकशेसात, एकशेपाच, एकशेसात.

दादा गाडीतून उतरला नाही. काचेतून पडद्याकडे बघत बसला. एकशेवीस नव्हते. नव्हतेच कधी. मग तो खाली आला, खुर्चीवर बसला आणि एका बोटाने, शोधून शोधून, त्या चौकोनात पंधरा टाकले. पडद्यावरचा आकडा पालटला. एकशेतेवीस.

दादाच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. लगेच तो कुठेतरी गेला. त्याने पडद्याला जवळजवळ नाक लावलं.

"एकशेतेवीस," तो म्हणाला. "हे कुठून आले गं?"

"चौकोनातून."

"मी एवढी वर्षं एकशेवीस म्हणून थापा मारतोय. हा तर माझ्याही पुढे गेला." तो स्वतःशीच हसला. "त्या इंजिनातला एक नट मी दुसऱ्याला लावू दिलेला नाही. दोन वर्षं बोटं सोलली माझी. एकशेसात घोडे मी त्यात घातलेत, ते मी. आणि हा भुसकट डबा एका बोटाने सोळा घालतो?"

कात्रीताई गाडीच्या पट्ट्या सोडू लागली. तिला बोलायचं खूप होतं, पण भाऊ होता तो.

बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मशीन बघायला आलेला माणूस दारातला पत्रा वाचत उभा होता. त्याने आत डोकावून विचारलं, "ह्यात आकडा जरा वाढवायची सोय आहे म्हणे?"

दादाने चौकोनातले पंधरा पुसले. मग उठून दार अडवून उभा राहिला.

"सोय आहे," तो म्हणाला, "पण आमच्याकडे बाई आहे. मशीन विकायचं नाही. या तुम्ही."

माणूस गेला. दादा परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि हात पुढे केला. "छाप कागद."

"कुठला आकडा वर घेऊ?"

"एकशेपाच," दादा म्हणाला. "सगळ्यात वाईट. आणि मोठ्या अक्षरात छाप, गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचाय. लोकांना हसायचंय ना, हसू दे. उद्या कोणी गाडीवाला आत येऊन घोड्यांची बढाई मारू लागला तर त्याला म्हणेन, आधी माझा कागद वाच, मग तोंड उघड."